देव्हाऱ्यातली डिस्क

शनिवारी सकाळी दत्तात्रय कडू गालाला साबण लावून बसले होते. तेवढ्यात समोरच्या घरातला रितेश धापा टाकत आला आणि दारातूनच म्हणाला, "काका, पिक्चर गेला."

कडूंना वाटलं, वीज गेली असेल. बुधवारा मोहल्ल्यात ती जातच असते. पण पोराचं तोंड पाहिलं आणि त्यांनी वस्तरा खाली ठेवला. अख्खी हयात पोलिसात घालवलेला माणूस. कोण नुसतं रडगाणं गातंय आणि कुणाचं खरंच वाटोळं झालंय, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. रिटायर झाले तरी गल्ली त्यांना अजून हेडसाहेबच म्हणत होती.

"गेला म्हणजे काय?"

"हार्डडिस्क कोरी आहे, काका. हॉलवर नेऊन लावली, तो पूरी खाली. काहीच नाही तिच्यात."

आता हा पिक्चर म्हणजे काय भानगड, ते आधी सांगायला हवं. रितेश आणि त्याच्या कॉलेजातल्या दोस्तांनी वर्षभर खपून एक प्रेमाचा विनोदी सिनेमा काढला होता, नाव 'केळीचा जावई'. मंगळाच्या मुलीचं लग्न आधी केळीच्या झाडाशी लावतात ना, तशी त्यातली नायिका बोहल्यावर उभी राहते आणि झाडामागे लपलेला नायक ऐन मंगलाष्टकात शिंकतो. नायकही रितेश आणि डायरेक्टरही रितेशच. नायिका प्राजक्ता, केळीचे व्यापारी विनायकरावांची मुलगी. आणि नायिकेचा खाष्ट बाप? खुद्द हेडसाहेब. मिशी घरचीच होती.

बायको गेल्यापासून कडूंच्या घरात कुणी हसलं नव्हतं. या कार्ट्यांनी ते हसू परत आणलं. शेवटच्या सीनमध्ये बाप मुलीला शिकायला परगावी पाठवतो. तिथली एक ओळ काही कडूंना धड म्हणता आली नाही: "जा पोरी, मागं वळून पाहू नको, गाडी चुकेल." दर वेळी गळा तरी दाटायचा, नाहीतर खुदकन हसू तरी फुटायचं. शेवटी रितेशने हात जोडले आणि त्यांचा पाठमोरा शॉट घेऊन भागवलं.

पहिला खेळ उद्या, रविवारी होता. रितेशचं काय, तो दुसरा सिनेमा काढेल. जीव टांगणीला लागला होता प्राजक्ताचा. तिला भोपाळला जाऊन अभिनय शिकायचा होता आणि घरच्यांनी डोईफोडिया गावचं स्थळ जवळजवळ ठरवलं होतं. कशीबशी तिने वडिलांकडून एक सवलत मिळवली होती. विनायकराव म्हणाले होते, मी सिनेमा पाहीन. मान खाली घालावी लागली नाही तर जा भोपाळला. लागली, तर सोमवारी पाहुण्यांना होकार कळवतो.

"दुसरी कॉपी?" कडूंनी विचारलं.

रितेशने मान खाली घातली. लॅपटॉप जुना, त्यात मावत नव्हतं. कॅमेऱ्याची कार्डं भाड्याची, रोज पुसून परत वापरलेली. बॅकअपसाठी तशीच दुसरी डिस्क आणून वरच्या कपाटात ठेवली होती, पण कॉपी करायचं रविवारनंतर बघू म्हणून राहिलं. कडूंनी कपाळावर हात मारला. मग दोघं समोरच्या घरात गेले.

रितेशची आई उषावहिनी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. दर सोमवारी ताप्तीवर जाऊन निर्माल्य सोडायचा तिचा नेम. आत्ताही तिथूनच आली होती, साडीचा काठ अजून ओला होता. डोळे लाल. पोराची मेहनत पाण्यात गेली म्हटल्यावर आईचे डोळे कोरडे कसे राहतील, असं कडूंना वाटलं आणि त्यांनाही भरून आलं.

कडू वर जाऊन कपाट बघून आले. दुसरी डिस्क तिथे नव्हती.

"म्हणजे कोणीतरी ती कोरी खाली आणली, देव्हाऱ्यात ठेवली आणि पिक्चरवाली नेली," रितेश म्हणाला.

"पण डिस्क देव्हाऱ्यात ठेवायचं खूळ कुणाचं?"

खूळ सगळ्यांचंच होतं. शूटिंगच्या आधी कॅमेऱ्याची पूजा झाली होती, मग तयार सिनेमाची नको? शुक्रवारी संध्याकाळी सगळी टोळी जमली, डिस्क रात्रभर देवापुढे ठेवायची ठरली आणि जाहिरातीसाठी पूजेची रीलही काढली. अलीकडे देवालाही कॅमेऱ्याशिवाय नमस्कार होत नाही.

कडूंनी ती रील पाहिली. रितेश अंगठ्याने डिस्कवर कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक काढतोय. मध्येच मागे वळून म्हणतो, आई, पहिलं बोट तू लाव ना. दारात उभी असलेली उषावहिनी एक पाऊल मागे सरते. तूच लाव, म्हणते. मग टाळ्या, नारळ, हशा. प्राजक्ता कॅमेऱ्याकडे बघून जीभ दाखवते.

कडूंनी टेबलावरची डिस्क हातात घेतली. वर चंदनाचं एक बोट, चार अक्षता आणि झेंडूची चिकटलेली पाकळी. त्यांनी पुन्हा रील पाहिली. पुन्हा डिस्क पाहिली.

"पूजा झाल्यावर घरात कोण होतं?"

"आई एकटी. आम्ही रिक्षावर भोंगा लावून अनाउन्समेंट करायला गेलो. प्राजक्ता आमच्यासोबतच बाहेर पडली."

"कोणी आलं होतं?"

रितेश घुटमळला. "योगेशभाऊ आला होता म्हणे. कार्डावरून."

योगेश म्हणजे प्राजक्ताचा थोरला भाऊ, आणि कार्ड म्हणजे या पोरांच्या जाहिरातीचा कळस. सिनेमाचं आमंत्रण त्यांनी हुबेहूब लग्नपत्रिकेसारखं छापलं होतं. वर 'श्री इच्छादेवी प्रसन्न', खाली चि. रितेश आणि चि. सौ. कां. प्राजक्ता, रविवारचा मुहूर्त, हॉलचा पत्ता. अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत 'हा सिनेमा आहे'. रीतीप्रमाणे पहिली पत्रिका इच्छापुरला देवीच्या पायाशी नेऊन ठेवली. तिथे ती वाचली डोईफोडियाहून दर्शनाला आलेल्या मंडळींनी. तळापर्यंत कोण वाचतंय? गावभर झालं, की विनायकरावांच्या पोरीचं परस्पर ठरलं.

सकाळपासून सगळ्यांच्या तोंडी योगेशचंच नाव होतं. कडू तडक त्याच्याकडे गेले. तो गोदामात केळीचे घड उतरवून घेत होता.

"काल उषावहिनीकडे गेला होतास?"

"गेलो होतो. काय खोटं बोलू?"

"काय बोललास?"

"जे बोलायचं ते बोललो. रविवारी हा तमाशा झाला, तर तुमच्या पोराचे हातपाय जाग्यावर राहणार नाहीत, म्हटलं." त्याने नजर चोरली नाही.

"आणि डिस्क?"

"हेडसाहेब, मला करायचं असतं तर भर चौकात दगडाने ठेचली असती. चोरून कशाला?"

"वरच्या कपाटातली दुसरी घेतली असशील."

"कोणती दुसरी?" योगेश गोंधळून म्हणाला.

कडूंनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. हा माणूस आगलावा खरा, पण या घडीला खरं बोलत होता.

बाहेर प्राजक्ता उभी होती, कडू तिकडे गेल्याचं कळून धावत आलेली. रीलमधली जीभ दाखवणारी पोर ती हीच, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. दुसऱ्या डिस्कचं माहीत होतं का, असं कडूंनी विचारलं. होतं, म्हणाली. आमच्या टोळीला आणि रितेशच्या घरी, बाकी कुणाला नाही. मग हळूच म्हणाली, "काका, मिळेल ना? माझ्याकडे दुसरं काहीच नाही हो."

कडूंना खोटं बोलवेना. चल माझ्यासोबत, एवढंच म्हणाले.

दुपारी उषावहिनीच्या पुढच्या खोलीत चौघं बसले. उषावहिनी भिंतीला टेकून, रितेश आणि प्राजक्ता दिवाणावर, कडू खुर्चीत. डिस्क मधल्या टेबलावर.

"हे कुणी केलं ते सांगतो," कडू म्हणाले. "मधे कोणी बोलू नका, नाहीतर मला सांगायचा धीर व्हायचा नाही. रितेश, तू डिस्कला काय लावलं होतंस?"

"कुंकू. स्वस्तिक काढलं होतं."

"आणि हिच्यावर काय आहे?"

रितेशने वाकून पाहिलं. सकाळपासून ती त्याच्याच हातात होती, पण आपली पूजा म्हणून त्याने तिच्याकडे धड बघितलंच नव्हतं. "चंदन," तो म्हणाला.

"योगेशने बदलली असती, तर तो पूजा करत बसला नसता. आणि दुसरी डिस्क आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तुमच्यापैकी कोणी बदलली असती, तर ओळखू येऊ नये म्हणून कुंकवाने तसंच स्वस्तिक काढलं असतं. करंडा तिथेच तर होता. ज्याने बदलली त्याला ती बोडकी डिस्क देवापुढे ठेववली नाही. त्या हाताला देवाची रोजची सवय आहे. पण तो हात कुंकवाच्या करंड्याकडे गेला नाही. वर्षानुवर्षं जातच नाही." कडू उषावहिनीकडे वळले. "आज शनिवार आहे, वहिनी. तुमचा घाटावर जायचा वार सोमवार."

रितेश आईकडे बघत राहिला. नवरा गेल्यापासून उषावहिनीने कुंकवाला बोट लावलं नव्हतं. कुणी सक्ती केली नव्हती, पण कुणी लाव असंही म्हटलं नव्हतं. काल पोराने कॅमेऱ्यासमोर म्हटलं, तेव्हा ती मागे सरली होती.

तिने नाही म्हटलं नाही. पदराची गाठ सोडत, पुन्हा मारत बसली.

"फोडायला हात धजला नाही, भाऊ," ती म्हणाली. "पूजा झालेली वस्तू. फुलांत गुंडाळली, नावेतून मधल्या धारेत जाऊन सोडली. तो योगेश इथं उभा राहून काय काय बोलला. माझा एकच आहे हो. मी काय करू?"

"मला सांगायचं होतं, आई," रितेश म्हणाला.

"तू थांबला असतास?"

थांबला नसता, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

कडूंनी विचारलं, "वहिनी, तुम्ही पिक्चर पाहिला होता का?"

तिने नकारार्थी मान हलवली. पोरं वर काय करू राहिली, तिने कधी डोकावून बघितलं नव्हतं. मग कडूंनी तिला शेवट सांगितला. त्यात लग्न होतच नाही. ना केळीशी, ना रितेशशी. बाप मुलीची बॅग उचलतो, स्टेशनवर पोचवतो आणि जा म्हणतो. विनायकरावांनी मान खाली घालावी असं त्यात काहीच नव्हतं.

प्राजक्ता उठली, उषावहिनीच्या शेजारी खाली बसली आणि तिचा हात हातात घेतला. रागावली असती तर बरं झालं असतं, असं कडूंना वाटलं.

संध्याकाळपर्यंत नावाड्यांनी ताप्तीत बुड्या मारल्या. हाताला गाळ लागला, नारळ लागले, कुणाच्या तरी नवसाची चुनरी लागली. पाण्याला ओढ होती. अंधार पडायच्या आत सगळे काठावर आले.

रविवारी हॉलच्या दारावर खेळ रद्द झाल्याची पाटी लागली. तरी विनायकराव आले. इस्त्रीचा सदरा घालून आले होते. कडूंनी त्यांना बाजूला घेतलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं, योगेशची धमकीसुद्धा. कडूंचा भाबडेपणा बघा, त्यांना वाटलं होतं, खरं कळल्यावर माणूस विरघळेल.

विनायकरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हेडसाहेब, पोराच्या सख्ख्या आईलाच जो बुडवावासा वाटला," ते म्हणाले, "त्यात काय असेल, ते मला कळलं. योगेश तोंडाचा फटकळ आहे, पण चूक नव्हता."

कडू खूप बोलले. शपथा घातल्या, शेवटी हातही जोडले. विनायकराव नमस्कार करून निघून गेले आणि सोमवारी डोईफोडियाला होकार पोचला.

खरी पत्रिका त्याच छापखान्यातून छापून आली. वर तीच इच्छादेवी. तळाला काही लिहिलेलं नव्हतं.

लग्नाला रितेश आला नाही. उषावहिनी आली, पण मांडवाच्या कडेला बसली आणि कुंकू लावायला आलेल्या बाईला तिने हातानेच पुढे जा म्हटलं. प्राजक्ताने ते दुरून पाहिलं. निघताना ती वडीलधाऱ्यांच्या पाया पडत कडूंपर्यंत आली, वाकली आणि उठताना हळूच म्हणाली, "काका, ती ओळ म्हणा ना."

मागे गाडी सुरू झाली होती. बायका रडत होत्या, योगेश सामान चढवत होता. कडूंनी एकदा घसा खाकरला.

"जा पोरी, मागं वळून पाहू नको, गाडी चुकेल."

पहिल्याच झटक्यात नीट आली. गळा दाटला नाही, हसू फुटलं नाही. सिनेमात ती या ओळीवर वळून हसते, असं रितेशने लिहिलं होतं, आणि कडू तेवढ्यासाठी तिच्याकडे बघत उभे राहिले. ती गाडीत बसली, योगेशने दार लावलं आणि ती वळली नाही.