अक्काचे सहा महिने

“अक्का, त्या बाईंना तुम्ही नेमकं काय सांगितलंत?”

भावजयीने आवाज चढवला नव्हता. कामावरचा कोटही अजून तिच्या अंगातच होता. ती तावातावाने भांडली असती तर अक्कानेही चार शब्द सुनावले असते, पण ह्या शांतपणाला काय सुनावणार?

“काय सांगणार? बापूचं सगळं छान चाललंय म्हटलं.”

“छान चाललंय... म्हणूनच त्यांनी मदतनीस नाकारला. आत्ता फोन आला होता. ह्यांना मदतीची गरज दिसत नाही म्हणाले.”

अक्काच्या मनात आलं, करायला गेले काय आणि होऊन बसलं काय!

बापू अक्काचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागला होता. अक्कानेच त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, आणि त्याच्यापायी तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं, ह्याची वाच्यता तिने कधी कुणाजवळ केली नाही. पुढे तो ह्या परमुलखात बांधकामावर आला, इथेच त्याने संसार थाटला आणि इथेच तो मचाणावरून पडला... कमरेखालचं अंग कायमचं गेलं, हातांत नावापुरती ताकद उरली. बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर राबायची, म्हणून सरकारी कचेरी मदतनीस पाठवायची. तो बापूला उचलायचा, अंघोळ घालायचा, चाकांच्या खुर्चीत बसवायचा. थंडीत मात्र बापूचं अंग लाकडासारखं आखडायचं, आणि ते सहा महिने तो मायदेशी, अक्काच्या उबदार घरी काढायचा. तिथे कुठला आलाय मदतनीस? तिथे अक्का! आणि तो परत आला की कचेरीचे पहिले पाढे पंचावन्न. तपासणीस बाई घरी येणार, त्याला काय जमतं नि काय जमत नाही ते डोळ्यांनी पाहणार, आणि मगच पुन्हा मदतनीस मिळणार.

यंदा त्याला पोचवायला अक्का स्वतः आली होती. तपासणीच्या दिवशी ती मोठ्या हौसेने भावजयीला म्हणाली होती, “तू जा कामाला, मी आहे ना.”

मग काय विचारता! परकी बाई दारात येणार, आणि आपला बापू तिला लोळागोळा होऊन पडलेला दिसणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तर आईने दिलेलं बाळकडू. अक्काने सकाळीच त्याला अंघोळ घातली, दाढी केली, इस्त्रीचा सदरा चढवला आणि दोन्ही बाजूंनी उशा खोचून त्याला खुर्चीत ताठ बसवलं. पलंगाखालचं लघवीचं भांडं कपाटात दडवलं. सकाळी ह्यांचं कोण करतं, असं बाईंनी विचारलं तेव्हा बापूने ते अक्काला सांगून तिच्याकडे पाहिलं. “सांग, माझं मी करतो,” अक्का म्हणाली. आणि त्या गुणी भावाने निमूटपणे त्यांच्या भाषेत तसंच सांगितलं. बाई हसतमुखाने गेल्या, आणि अक्काला कोण समाधान वाटलं होतं.

“मी काम सोडलं तर हे घर कसं चालेल?” भावजय म्हणाली. “आणि कामाला गेले तर दिवसभर ह्यांच्या तोंडात पाण्याचा घोट कोण घालेल?”

“मी नेते त्याला. कायमचा.”

“तेच हवं होतं ना तुम्हाला?” आता मात्र तिचा आवाज फाटला. “अर्धं वर्ष नवऱ्याशिवाय काढते मी. आता उरलेलं अर्धंही न्या.”

ते शब्द अक्काच्या जिव्हारी लागले, कारण ते साफ खोटे नव्हते! वर्षातले ते सहा महिनेच तर ती जगायची. बापू गेला की शिवणाचं यंत्र, चार भिंती आणि एका माणसापुरता स्वयंपाक... पण आणखी एक गोष्ट होती, आणि ती फक्त त्या बहीणभावांना ठाऊक होती. गेल्या थंडीत न्हाणीघरात अक्काच्या उजव्या खांद्यातून अशी कळ आली की बापू तिच्या हातांतून निसटला आणि फरशीवर आपटला. त्याच्या बरगडीला चीर गेली. “माझा मीच घसरलो,” असं त्याने सगळ्यांना सांगितलं, अगदी बायकोलासुद्धा. तेव्हापासून अक्काचा तो हात खांद्याच्या वर जात नव्हता. तरी ती ओठ चावून त्याला उचलतच राहिली. वेड्या मायेला कोण समजावणार?

भावजयीने पुन्हा तपासणी मागितली, आणि बाई पुन्हा आल्या. ह्या खेपेस भावजय कामावर गेली नाही. बापूने पुन्हा भलतंच सांगू नये म्हणून दुभाषी तीच झाली होती. बापू पलंगावर सकाळपासून होता तसाच पडलेला, केस विस्कटलेले, सदरा चुरगळलेला. अक्का कोपऱ्यात स्टुलावर बसली होती.

बाईंनी बापूला खुर्चीत येऊन दाखवायला सांगितलं. त्याने कोपर टेकलं, अंग रेटलं, घसरला. पुन्हा रेटलं, पुन्हा घसरला. त्याच्या कपाळावर घाम डवरला. अक्का नकळत उठली, भावजयीने मान हलवली, आणि अक्का पुन्हा खाली बसली. जन्मभर ज्याला पडता पडता सावरलं त्याचं पडणं नुसतं बसून पाहायचं!

“बाई विचारतायत,” भावजय म्हणाली, “तिकडे सहा महिने मदतनीसाशिवाय निभतं, तर इथे का निभत नाही?”

“तिकडे अक्का आहे,” बापू धापा टाकत म्हणाला. “तिला काही जड जात नाही.”

अजूनही तो तिला पाठीशी घालत होता! अक्काला सगळं लख्ख दिसलं. हे असंच बाईंच्या कानी पडलं तर मदतनीस मिळणार नाही. आणि खरं सांगितलं तर बापू तिच्याकडे पुन्हा कधी येणार नाही; तिकडे त्याला उचलणार कोण? इथला मदतनीस इथल्यापुरता, आणि महिन्याहून जास्त बाहेर राहिलं की तोही बंद. आपल्या तोंडाने आपले सहा महिने मोडायचे होते.

“खोटं बोलतोय तो,” ती म्हणाली. “सांग त्यांना. तो घसरला नव्हता, मी त्याला पाडलं. माझा हात गेलाय. मला त्याला उचलवत नाही, आणि माझ्याकडे पाठवलात तर तो पुन्हा पडेल.”

“अक्का, गप्प बस गं,” बापू कळवळून म्हणाला.

भावजय नणंदेकडे पाहतच राहिली. मग तिने त्या परक्या भाषेत सांगायला सुरुवात केली. मी त्याला पाडलं, माझा हात गेलाय... अक्काचा तो सगळा अपराध तिला स्वतःच्या तोंडाने बोलावा लागला. बाई लिहायच्या थांबल्या.

मदतनीस मंजूर झाला; दिवसभराचा, पण वर्षभर इथेच राहण्याच्या अटीवर. त्या संध्याकाळी भावजय गरम पाण्याची पिशवी घेऊन अक्काच्या मागे येऊन बसली.

“दाखवा खांदा.” पिशवी टेकवताच अक्का कळवळली. “इतके महिने हे अंगावर काढलंत? मला वाटायचं, तुम्ही ह्यांना माझ्यापासून ओढताय.”

“ओढतच होते गं. हात तुटेस्तोवर ओढत होते.”

भावजयीने तिच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि ती हमसून हमसून रडू लागली. “इथेच राहा ना, अक्का.”

“पाहुणीला इथलं सरकार पाहुणीइतकेच दिवस राहू देतं, बाई. आणि ते संपत आले.”

जायच्या दिवशी मदतनीस बापूला खुर्चीतून दारापर्यंत घेऊन आला. चांगला धिप्पाड गडी होता. बापूला त्याने सकाळी लहान मूल उचलावं तसं सहज उचललं होतं, आणि ते पाहून अक्काचं मन निवलं होतं, आणि तितकंच रडलंही होतं.

“आता तू यायचंस, अक्का.”

“येईन की,” ती म्हणाली. ह्या वयात, असा खांदा घेऊन, इतक्या लांब... दोघांनाही कळत होतं, पण दोघंही हसले.

ती जवळ आली तसा तो घाईने म्हणाला, “वाकू नकोस. दुखेल तुला.”

अक्का वाकली. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, तरी ती सरळ होईना.