टिपवरचा आळ

"रविवारी काका आले की टिप त्यांच्याबरोबर जाणार म्हणजे जाणार!" प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवत डोरा आत्या म्हणाली. "मेंढ्यांना पळवणारा कुत्रा या डोंगरात कुणी ठेवत नाही."

"पण त्यानं काही केलंच नाहीये!" हेटीचा आवाज चढला.

"पेम्बर्टनसाहेबांनी स्वतः पाहिलंय. मेंढ्या रस्त्यावर, त्यांच्या बागेत, आणि मागे टिप! मला काय हौस आलीय?" हे म्हणताना आत्यानं टिपकडे बघायचं टाळलं.

हेटी आणि तिचा धाकटा भाऊ विल्फ लीड्सहून सुट्टीला आले होते. आत्याच्या मुलीनं, टिलीनं त्यांना डोळ्यांनी खुणावलं. टिपला कोठारात बांधून तिघंही डोंगराकडे सुटली.

नेच्याच्या झुडपात पालथं पडून ती दबा धरून बसली.

"मुंग्या चावतायत!" विल्फ कुरकुरला.

"चावू देत. तुझ्यात खाण्यासारखं आहेच काय!" टिली म्हणाली. "शूऽऽ! आल्या बघ!"

पुढे म्हातारी मेंढी, मागे सगळा कळप. मेंढ्या दगडी भिंतीपाशी आल्या. ओढा होता पलीकडे. म्हातारीनं भिंतीच्या बुडाशी नाक लावलं, खुरानं उकरून पाहिलं, केविलवाणं ओरडली आणि वळून थेट रस्त्याकडे निघाली. टिप तर कोठारात होता!

टिलीनं धावत जाऊन भिंत चाचपली. "इथे भोक होतं! मेंढ्यांना ये-जा करायला ठेवतात ते. या दगडांवर शेवाळाचं नाव नाही. कुणीतरी हल्लीच बुजवलंय!"

"मग त्यांनी दुसरीकडे पाणी प्यावं की!" विल्फ म्हणाला.

"आमच्या मेंढ्या? आईमागे चालत जो पाणवठा शिकल्या, त्यावरच जाणार. वाट अडली तर रस्त्यानं वळसा घालतील, पण तिथेच!"

"काय हट्टी आहेत!"

"तुझ्यापेक्षा कमीच."

हेटी विचारात पडली. "नुसतं सांगून साहेब मानायचे नाहीत. त्यांना दाखवायलाच हवं!"

शनिवारी दुपारी, मेंढ्यांच्या पाण्याची वेळ साधून, तिघं टिपला घेऊन पेम्बर्टनसाहेबांच्या दारात हजर झाली.

"साहेब, चहाच्या वेळेपर्यंत याला तुमच्या नजरेखाली ठेवाल? म्हणजे कुणाला काळजी नको," हेटी साळसूदपणे म्हणाली.

नोकरीतून निवृत्त होऊन शहरातून इथे राहायला आलेले साहेब मनाचे चांगले होते. त्यांनी टिपला टेबलाच्या पायाला बांधलं आणि मुलांपुढे स्कोन, म्हणजे गरम गोडसर पाव, आणि जॅम ठेवला. विल्फचे दोन्ही गाल जॅमनं भरले होते, तेवढ्यात तो खिडकीकडे बोट दाखवून ओरडला, "मेंढ्या!"

अख्खा कळप रस्त्यावरून येत होता!

साहेबांनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा टेबलाखाली. "पण... कुत्रा तर इथे आहे! मग त्या दिवशी तो मागे का धावत होता?"

"परत आणायला, साहेब! ते त्याचं कामच आहे!" टिली उसळून म्हणाली.

मुलांनी टिपला सोडलं आणि साहेबांना भिंतीपाशी नेलं. दगड पाहताच साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "मला वाटलं, भिंत ढासळलीय. आठवडाभर खपून मीच बुजवलं. तेवढाच गावाला उपयोग..." त्यांच्या बोटांवरचे ओरखडे अजून सुकले नव्हते. हेटीला त्यांची फार दया आली.

"रचलंय मात्र छान," ती मनापासून म्हणाली. "फक्त मेंढ्यांचं दार बंद झालं!"

साहेबांना हसू फुटलं. गुडघे टेकून ते स्वतःच दगड उपसायला लागले. मग त्यांनीच आत्याला गाडीतून आणलं. तोवर टिपनं रस्त्यावरचा कळप वळवून आणला होता. म्हातारी मेंढी भोकातून वाकून पलीकडे गेली आणि तिच्यामागे सगळ्या जणी ओढ्यावर पोचल्या.

"चूक माझी होती, बाई. ही पोरं नसती, तर एका निरपराध जिवाला शिक्षा झाली असती," साहेब म्हणाले. "शाब्बास रे पोरांनो!"

 कुबडी बाजूला टाकून आत्या गवतात बसली आणि तिनं टिपला हाक मारली. तो जरा बिचकतच आला.

"मला माफ कर रे राजा," त्याची मान कुशीत घेऊन ती म्हणाली. "माझं आयुष्य मेंढ्यांत गेलं, आणि तुझीच बाजू मी समजून घेतली नाही." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं. "टिली, काकांना फोन कर. म्हणावं, उद्या जेवायला या, पण परत एकटेच जा!"