डाव्या खांद्यावर दोनदा

तुमचा विश्वास बसला नाही तर नका ठेवू. मी शपथा घालत बसणार नाही. पण खांदा माझा आहे आणि त्याचं काय झालं ते मीच भोगलंय.

रात्र नव्हती. कुत्री रडत नव्हती. भर दुपार होती आणि दुकानामागच्या खोलीत मी मशीनवर बसले होते.

आम्ही पडदे शिवतो. नाटकाच्या स्टेजचे, जाडजूड, अस्तर लावलेले. आम्ही म्हणजे मी आणि माझी ताई. मी शिवायची, ताई माझ्या डावीकडे मागे उभी राहून कापडाचं ओझं सांभाळायची. मोटरच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून घडीत टाचणी राहिलेली दिसली की ती माझ्या डाव्या खांद्यावर दोनदा ठोकायची.

टक टक.

म्हणजे थांब. सुई टाचणीवर आपटली तर तुटते आणि तुकडा थेट डोळ्याकडे उडतो.

तिच्या बोटात, सुई टोचू नये म्हणून घालतात ती, शिवणाची लोखंडी टोपी असायची. मला टोपी कधी जमली नाही.

"अगं, हाड मोडशील माझं!"

"हाड जुळतं. डोळा शिवून देऊ का तुला?"

अशी ताई... गेली.

शेवटी बोट इतकं सुजलं होतं की टोपी निघालीच नाही. टोपीसकट गेली.

मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. धीर कसला! आत काही हललंच नाही.

तर, त्या दुपारी मी एकटीच शिवत होते. आणि...

डावा खांदा उडाला.

दोनदा.

पाय आपोआप थांबला. घडी उलटून पाहिली. सुईपासून बोटभर अंतरावर टाचणी.

सवय असेल, म्हटलं. टाचणी काढली आणि पुढे शिवू लागले.

पुढे ताईची मुलगी मदतीला आली. आम्ही तिला चिमी म्हणतो. ताईनं तिला या खोलीत कधी फिरकू दिलं नव्हतं. तू शिकून दुसरं काहीतरी कर, म्हणायची. त्यामुळे आमची ती खूण चिमीला ठाऊक नव्हती. मीही सांगितली नाही. ती आम्हा दोघींची होती.

एकदा शिवताना खांदा पुन्हा उडाला. मी थांबले.

"काय गं चिमे? ठोकलंस का?"

"मी? मावशी, दोन्ही हात पडद्यात आहेत. तिसरा कुठून आणू?"

मी मागे पाहिलं. खरंच, दोन्ही हात पडद्यात होते.

तिनं माझा खांदा उडताना पाहिला होता. तिचा चेहरा उतरला. "आईसारखं तूही काही लपवू नकोस," एवढंच म्हणाली आणि मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "स्नायू आपोआप उडतात. झोप लागता लागता तर सगळ्यांचंच अंग दचकतं. जागेपणी होत असेल तर थकवा, अपुरी झोप, काळजी, शरीरातले क्षार कमी होणं, एखादं औषध. क्वचित मज्जातंतूंचा आजार. चहा किती घेता?"

"मोजत नाही."

"मी सांगते," चिमी म्हणाली. "पिंपभर."

तपासण्या केल्या. सगळं ठीक निघालं. तरी त्यांनी गोळ्या दिल्या, चहा बंद केला, झोपायला सांगितलं.

मला गोळ्या नको होत्या. अख्ख्या अंगात तेवढा खांदाच काय तो जिवंत वाटत होता. पण चिमी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची. तिनं नुकतीच आई गमावली होती. काय बोलणार?

गोळ्या घेतल्या.

खांदा गप्प झाला... अगदी गप्प.

मग मी मशीन चिमीला दिलं. माझ्या सुईपुढे आता सावध करणारं कोणी नव्हतं आणि तिची नजर तरणी. मी ताईच्या जागी उभी राहिले.

पुन्हा दुपारच. मखमलीचा पडदा होता, ओला असल्यासारखा जड. दोन्ही कोपरांवर पेलून उभी होते. मशीन धडधडत होतं.

आणि चिमीनं एकदम मशीन थांबवलं.

खोलीत आवाज नाही. फक्त माझा श्वास...

ती डावा खांदा चोळत होती. मागे न बघताच म्हणाली,

"मावशी, थांबवायचं तर थांबव. पण ती लोखंडी टोपी काढून मार ना. लागतं गं."

माझे दोन्ही हात पडद्याखाली होते.

मी वाकून तिच्या पुढ्यातली घडी उलटली. टाचणी होती.

"बरं," मी म्हटलं. "पुढच्या वेळी हळू."

माझ्या तोंडून कोण बोललं ते, मी का? माहीत नाही. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

चिमी रोज शिवते. मधेच थांबते, टाचणी काढते, पुटपुटते. मी पडदा धरून उभी असते. माझ्या शेजारी, अगदी कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ, एका माणसाची जागा मोकळी ठेवून.

गोळ्या मी बंद केल्यात, चिमीला नकळत. चहा पुन्हा पिंपभर. झोपतही नाही. डॉक्टरांनी सांगितलेली कारणं एकेक करून गोळा करतेय.

खांदा काही उडत नाही.