कावळ्याला न पटलेला मुलगा

पंख्याची जाळी, टोपीसारखी डोक्यावर धरलेली.

पाण्यात भिजवलेली शिळी रोटी.

माझी बहीण सुहैर नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हा तिच्या हातात फक्त एक उशी होती.

"मुलगा म्हणजे सोनं आहे, सोनं!" हे त्या नवऱ्याबद्दल त्याच्या गल्लीतल्या न्हाव्याने सांगितलं होतं. वाण्यानेही.

कैरोचा कावळा अंगाने राखाडी असतो, डोकं आणि पंख काळे.

आता नीट सांगते.

एप्रिलातली सकाळ. मी बाल्कनीत, आणि कठड्यावर बाशा. बाशा म्हणजे समोरच्या वडावरचा कावळा. मी रोज त्याला रोटी द्यायचे. तो एक तुकडा खायचा आणि एक खाली लंगड्या कुत्र्यापुढे टाकायचा. मग कुत्र्याच्या पाठीवर बसून त्याच्या गोचिड्या टिपायचा. कुत्रा डोळे मिटून पडलेला... गल्लीत एवढं सुखी जोडपं दुसरं नव्हतं.

अचानक बाशा किंचाळला आणि दगडासारखा खाली सुटला. खाली एक तरुण खांद्यावर पंखा घेऊन चालला होता. बाशाने त्याच्या डोक्यावर चोच हाणली, वळला, पुन्हा हाणली. तरुणाने पंख्याची जाळी काढून डोक्यावर धरली आणि वर पाहिलं.

"अहो मॅडम! तुमचा हा राक्षस आवरा!"

"माझा नाही. ओळखीचा आहे."

"मग ओळख करून द्या! मी हातिम. पंखे दुरुस्त करतो. घरटी मोडत नाही."

"तो उगाच कुणाला मारत नाही."

"म्हणजे मी गुन्हेगार?"

"मी कुठे म्हटलं?... तो म्हणतोय."

तो हसला. जाळीच्या आडून, डोळे बारीक करून. मला ते हसू आवडलं, आणि आवडलं म्हणूनच मी दार लावून घेतलं.

आमचा पंखा तसा बरा चालत होता. मी त्याचा एक स्क्रू सैल केला.

पंखा टोपलीत घालून, दोरीने बाल्कनीतून खाली हातिमकडे सोडला. संध्याकाळी टोपली वर ओढली, तर पंख्याच्या पात्यात पुदिन्याची काडी खोवलेली.

"हे कशाला?" मी वरून.

"वारा चांगला येतो," तो खालून. "आणि इनास, स्क्रू सैल करायचा तर पाठीमागचा कर. पुढचा लगेच कळतो."

माझे कान तापले. माझं नाव याला कुणी सांगितलं? आमच्या लुत्फीकाकांनी असणार. दरवान आहेत, पण त्यांच्या तोंडाला दार नाही.

आणि तेवढ्यात बाशा पुन्हा आला. किंचाळत, चोच उगारून. दर वेळी फक्त त्याच्यावरच! दूधवाल्याला नाही, पोस्टमनला नाही.

आमच्याकडे मुलीला मागणी आली की मुलाच्या गल्लीत चौकशी करतात. हातिमची मागणी आली, तेव्हा आई स्वतः गेली.

न्हावी म्हणाला: नमाजी आहे.
चहावाला म्हणाला: उधारी नाही.
शेजारीण म्हणाली: आईला हाताला धरून जिना उतरवतो.

सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. तेच मला खटकलं.

एकदा तो वडाखाली हात डोक्यावर धरून उभा होता, तेव्हा मी त्याला विचारलं, "खरं सांग. काय केलंस तू याचं?"

"मागच्या उन्हाळ्यात एक पिल्लू रस्त्यात पडलं होतं. गाड्या जात होत्या. उचलून भिंतीवर ठेवलं. बस्स."

"वा! आणि वाचवणाऱ्याला हे चोच मारतात?"

"त्यांना काय कळणार, वाचवतोय की पळवतोय?"

"माझ्या कावळ्यांना सगळं कळतं."

"आणि तुला?" तो हळूच म्हणाला.



गुरुवारी त्याच्या घरचे फातिहा वाचायला येणार होते. फातिहा वाचली की शब्द पक्का. बुधवारी सकाळी मी सुहैरला म्हटलं, "मी 'नाही' म्हणणार."

सुहैर मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हावी खोटं बोलला, म्हणून आता कावळा खरं बोलतो, होय?"

मी चिडून बाल्कनीत आले. खाली रस्त्यावर काहीतरी फडफडत होतं. पिल्लू! पंख धड फुटलेले नाहीत, चोच लाल उघडी... आणि कोपऱ्यावरून भाजीची गाडी येत होती.

जिना कसा उतरले, आठवत नाही. पिल्लू ओढणीत घेतलं. ते केवढं गरम होतं! भिंतीवरच्या फांदीत ठेवलं, तोच डोक्यात कळ गेली.

"बाशा! अरे, मी आहे... मी!"

दुसरी चोच कानामागे. झाडावरचे सगळे कावळे ओरडायला लागले.

गुरुवारी सकाळी मी रोटी ठेवली. बाशाने मला पाहिलं आणि किंचाळत अंगावर आला. मी आत पळाले, दाराला पाठ लावून बसले आणि रडले. त्याच्यासाठी रडले, की त्या दुसऱ्यासाठी, ज्याचं मी खरं मानलं नव्हतं?

संध्याकाळी ते आले. पुढे हातिम, मागे बसबूसाच्या गोड वड्यांचा ट्रे घेतलेली त्याची आई. वडाखाली येताच हल्ला सुरू झाला. मी धावत खाली गेले. आता बाशाला आम्ही दोघं मिळालो... एक चोच त्याला, एक मला.

"तुलाही?" हातिम थबकला.

"मलाही."

"का? काय केलंस तू?"

"पिल्लू उचललं."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. माझ्या कानामागचं रक्त पाहिलं, आणि आपला तळवा माझ्या डोक्यावर छपरासारखा धरला... न टेकवता.

"झाली चौकशी?"

"झाली. चल वर. आई शरबत करतेय."

रोटी मी अजून ठेवते. मी आत गेल्यावर बाशा ती नेतो, अर्धी कुत्र्यासाठी.

त्याची आई सांगते, लहानपणी घरात कोंबडी शिरली, तरी पाखरांना भिणारा हातिम कपाटावर चढून बसायचा.