परतटोला

भरताचं वांगं गॅसवर फिरवता फिरवता शरयू देवतळेने एका माणसाला मारलं. म्हणजे फार नाही, नुसता चिमटा. तो "मॅडम, प्लॉट बघायला कधी येताय?" एवढंच म्हणाला. शरयूने ओट्यावरच्या डबीची पांढरी कळ दाबली, स्पीकरमधून "आई गं!" आलं, आणि वांगं उलटून झालं.

अकोल्यात आता हे घरोघर चालायचं. फोन हातात धरायचे दिवस सरले होते. कानामागच्या हाडात ज्वारीच्या दाण्याएवढा 'श्रुतिकण' बसवला, की आवाज हाडातूनच ऐकू येई. ज्या वाटेने आवाज जातो त्याच वाटेने दणकाही जाईल, हे कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं आणि 'परतटोला' बाजारात आला. चिमटा, चपराक आणि सोटा, अशा त्याच्या तीन पायऱ्या.

कायदा सुटसुटीत होता. नंबर कुणीही खोटा करतो, म्हणून फोन करणाऱ्याने आधी नाव सांगायचं. नाव आणि आवाज जुळले की कळा आपोआप बंद. नाव न सांगणारा तो निनावी, आणि निनावी माणसाला मारणं म्हणजे स्वसंरक्षण. किंकाळी स्पीकरवर ऐकण्याची सोय मात्र ग्राहकांच्या खास आग्रहावरून दिली होती.

"सोट्याने एकाची कवटी तडकली म्हणे," समोरच्या हिंगणकर काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या.

"कंपनी म्हणते, ती आधीच कच्ची होती."

"असेल बाई. हल्ली कुणाचं काय पक्कं असतं!"

शरयूने कालच सोटा बसवून घेतला होता. कारण तो माणूस. दुपारी नवरा बँकेत असताना तो फोन करायचा. आधी नुसता श्वास. मग घोगऱ्या आवाजात, "एकटीच आहेस ना घरी?" तीन महिने झाले होते. पोलिसांनी 'दुर्लक्ष करा' असं सांगून दुर्लक्ष केलं होतं. चिमट्यावर तो हसायचा, चपराकेवर जास्तच हसायचा. हसणं ऐकलं की तिला जेवण जात नसे. दाराला कडी, वर कुलूप, तरी न्हाणीघरात जायची भीती. तिला आता त्याचा फोन नको होता, असं नाही. सोटा हाणायला तिला तो हवा होता.

वांगं सोलत असतानाच कानामागे टणटण झाली. आधी श्वास. मग,

"एकटीच आहेस ना घरी?"

शरयूने सालासकट काळं बोट सोट्याच्या तांबड्या कळेवर ठेवलं आणि दाबलं.

किंकाळी स्पीकरमधून आली. तशीच ती खिडकीतूनही आली. हे विचित्र आहे, असं तिच्या लक्षात आलं, पण बोट तोवर दुसऱ्यांदा खाली गेलं होतं. तिसऱ्यांदा तिने दाबली ती केवळ बरं वाटत होतं म्हणून.

मग खिडकी गप्प झाली, आणि खाली वॉचमन ओरडू लागला.

फाटकाशी एक म्हातारा गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही कानांतून रक्त सदऱ्यावर ओघळत होतं. पिशवीतली सीताफळं फुटून पसरली होती, आणि त्यांच्या गरावरूनच लोक ये-जा करत होते. शरयू जिना उतरून धावली. ते कारंज्याचे नानामामा होते. सगळा जन्म त्यांनी फोनवर नाव म्हणून सांगितलं नव्हतं. कधी जमादार व्हायचे, कधी दूधवाला, आणि मग "वळख पाहू कोन!" न ओळखणारी भाची त्यांच्या लेखी भाचीच नव्हे. त्या घोगऱ्या माणसाबद्दल गेल्या महिन्यात एका लग्नात तिनेच त्यांना सांगितलं होतं, त्याचा आवाज काढून. आज फाटकाशी उभं राहून मामांनी तोच काढला होता.

"शरे," मामा फार मोठ्याने म्हणाले, कारण त्यांना स्वतःचं काही ऐकू येत नव्हतं. "तुयं तं चिमट्याचंच होतं ना व?"

आणि ते आडवे झाले.

"एकाच दणक्यात?" मागोमाग खाली आलेल्या हिंगणकर काकूंनी विचारलं. "आमचं चपराकेचंच आहे हो. बदलून देतात का?"

शरयूने त्यांच्याकडे पाहिलं. आपण कालपर्यंत अशाच दिसत असू, हे तिला कळलं.

रुग्णवाहिका आली. डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारली. डोक्यात रक्तस्राव दिसतोय, म्हणाला, कवटी उघडावी लागेल, सख्ख्या कुणाची तरी परवानगी घ्या, आत्ताच. सख्खी म्हणजे गौतमी. मामांची एकुलती एक मुलगी, यवतमाळला एकटी राहणारी. तिलाही कुणीतरी छळत होतं. दोघींनी कालच, एकाच वेळी, सोटा बसवून घेतला होता. आग्रह शरयूचाच.

"लावा ना फोन!" डॉक्टर खेकसला.

शरयूने लावला.

"कोण?" गौतमीचा आवाज हाडात उमटला. कोरडा, ताठ, वाट पाहून पाहून धार आलेला.

शरयूने तोंड उघडलं. नाव घशाशी होतं, पण त्याच्या पुढे हुंदका अडकून बसला होता. बाहेर पडला तो फक्त श्वास.

"कोण आहे? नाव सांग!"

पुन्हा श्वास. स्ट्रेचरवर मामांचे ओठ निळे पडत होते. फोन ठेवला तर ते जाणार होते, आणि ठेवला नाही तर यवतमाळातल्या ओट्यावर एक बोट कळेकडे सरकत होतं. त्या बोटाला काय वाटतंय, ते शरयूइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने डोळे मिटले, दोन्ही हातांनी स्वतःचा गळा दाबला, आणि नाव वर ढकललं. पण ते ऐकून घ्यायची गौतमीला आता इच्छा उरली असेल का?