ब्रेकवाल्याची जागा

यातला एक शब्दही पदरचा नाही. भूत भर दुपारी, कॉफीच्या वेळेला आलं, त्याला माझा इलाज नाही.

मे महिन्यातला ढगाळ रविवार. कोपनहेगनजवळचं एक जुनं अम्युझमेंट पार्क.

एगॉनला तिथे जायचंच नव्हतं. पण त्याच्या बायकोला, बोडिलला, म्हातारपणी पुन्हा एकदा तिथल्या लाकडी रोलर कोस्टरवर बसायचं होतं. आणि तिला तिथे एकटीला सोडायची एगॉनची तयारी नव्हती.

कारण स्वेन्ड.

स्वेन्ड त्या गाडीचा ब्रेकवाला. पूर्वी गाडीच्या मधोमध एक माणूस बसायचा आणि उतारावर दांडा ओढून ब्रेक लावायचा. लग्नाआधी बोडिल कायम त्याच्या पुढच्याच बाकावर असायची.

स्वेन्ड वारला तेव्हा एगॉन दफनाला जातीने हजर राहून खात्री करून आला होता. तरी त्याची धाकधूक काही गेली नव्हती.

आता ब्रेक यंत्राने लागतात. पण ब्रेकवाल्याची जागा मान म्हणून रिकामी ठेवतात.

बोडिल नेमकी त्या जागेच्या पुढच्या बाकावर जाऊन बसली.

एगॉन बायकोशेजारी बसायचं सोडून मागे, त्या रिकाम्या जागेवर चढला. तिकिटं बघणाऱ्या मुलीने परोपरीने सांगितलं, की आजोबा, तिथे कुणी बसत नाही.

“दिसतंय ना, पोरी. म्हणूनच बसतोय.”

गाडी निघाली. लाकूड कण्हत होतं. तिसरा उतार आला. पोरंपोरी किंचाळली...

आणि सगळे आवाज बंद झाले.

चाकांचासुद्धा.

फक्त एगॉनच्या कानाशी... लोखंडी दांडा हळूच ओढल्याची करकर.

दांडा तर कधीच काढून टाकलेला. तिथे नुसतं भोक होतं.

गाडी भर उतारावर मंदावली. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी, अलगद.

बोडिलने मागे न बघता एक हात खांद्यावरून मागे केला. जुन्या सवयीने करावा तसा.

एगॉनचे दोन्ही हात समोरच्या आधाराच्या कांबीला चिकटलेले. सुटता सुटेनात.

तिची बोटं हवेतच... कशावर तरी मिटली. अंगठीशेजारची कातडी दबलेली त्याला स्पष्ट दिसली. पलीकडूनही कुणीतरी दाबत होतं.

मग एकदम वारा, किंचाळ्या, सगळं परत.

खाली उतरल्यावर एगॉनने त्या तिकिटवाल्या मुलीला विचारलं, गाडी उतारावर का थांबवली? ती म्हणाली, गाडी कुठेच थांबली नाही.

बोडिलचे गाल लाल झाले होते.

“एगॉन, माझा हात असा कधी धरला नव्हतास रे तू.”

इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. खरं सांगितलं असतं, तर ते पाहणंही स्वेन्डच्याच वाट्याला गेलं असतं.

“सुचलं आपलं,” एगॉन म्हणाला.

आता ते दर रविवारी जातात. तू मागेच बस, असं बोडिल स्वतः सांगते. तिसऱ्या उतारावर एगॉन जिवाच्या आकांताने कांबीवरून एक हात सोडवतो आणि पुढे करतो.

दरवेळी तो हात टेकतो... तिचा हात आधीच धरून बसलेल्या एका रुंद, खरखरीत पंजावर.

आणि तो पंजा चांगला गरम असतो.