दोन वाजताची रेघ

१९८८च्या मार्चमध्ये माझ्या नवऱ्यानं, चुडामणनं, आमच्या धुळ्याच्या घरात तीन गोष्टी स्वतः बनवून बसवल्या: टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच, अंधार पडला की ओट्यावरचा दिवा लावणारा फोटोसेल आणि संध्याकाळी सहाला कूलर सुरू करणारा टायमर. आग्रा रोडवर त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. कोणती वस्तू किती वीज ओढते हे मला कागदावर पाहायचं होतं, म्हणून सोनगीरकडच्या एका बंद जिनिंग मिलच्या भंगारातून मी नोंद करणारा ॲमीटर आणला. घड्याळाच्या गतीनं फिरणारा ड्रम, त्यावर आखीव कागद आणि शाईचं पेन. तो मीच बसवला. चुडामण स्टूल धरून उभा होता.

पहिल्या आठवड्याचा कागद वाचायला सोपा होता. पंप सुरू होताना उंच टोक, मग सपाट रेघ. सहाला कूलरची बुटकी पायरी. पण रविवार सोडून रोज दुपारी दोनला आणखी एक पायरी होती. सव्वाचार अँपिअर, आठ मिनिटं. ही विजेची शेगडी. त्यानंतर तीनपर्यंत कूलर.

दोनला मी प्रयोगशाळेत असायचे. चुडामण दुकानात, मी दिलेल्या डब्यासमोर. घराच्या किल्ल्या दोनच.

मी ॲमीटर तपासला. बिनचूक होता. मग शेगडीवर एका माणसाचा चहा ठेवला. पाच मिनिटं. दोघांचा ठेवला. आठ.

त्या संध्याकाळी तो अंघोळीला गेल्यावर मी त्याचा शर्ट हुंगला. माझ्याच पावडरीचा वास होता.

शेजारच्या कमलअक्का ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी शक्य तितक्या साधेपणानं विचारलं, "अक्का, दुपारी आमच्याकडे कोण येतं?"

"माले काय इचारस? तूच येस ना, रोज दोनले. मांगेमांगे चुडामणभाऊ येस. बठ्ठी गल्ली देखस." त्या हसल्या. "लगीनले आठ वरीस व्हयनात, आते कसानी लाज?"

घरात येऊन मी मुलांच्या प्रयोगवह्या काढल्या. प्रत्येक तारखेला, दोनच्या तासातल्या प्रत्येक निरीक्षणाखाली माझी सही होती.

बुधवारी मी प्रॅक्टिकल रद्द केल्याची सूचना फळ्यावर लिहिली आणि दीडलाच घरी आले. काहीही सुरू न करता खाटेवर बसले. दोनला पाच कमी असताना दार उघडलं. चुडामण गुणगुणत होता. तो गुणगुणतो हे मला ठाऊक नव्हतं.

"घर उनी का तू?" तो म्हणाला. "च्या मांड ना. दुकानमा जीवरामनी आज काय मज्या कयी, सांगस तुले."

लग्नानंतर महिन्याभरात माझे सहकारी जेवायला आले होते. त्यांच्यासमोर तरी अहिराणी नको, नीट मराठी बोल, असं मी त्याला सांगितलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलायचा. कमी बोलायचा.

"ठेवते," मी म्हणाले. "तू बस ना."

त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"तू आहेस होय."

"मग कोण असणार?"

मी चहा दिला. त्यानं तो बशीत ओतून घेतला, चांगला झालाय म्हणाला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिला.

"ती रोज काय बोलते तुझ्याशी?" मी विचारलं.

"तूच बोलतेस," तो म्हणाला. मग बशी खाली ठेवली. "म्हणजे, मला तसंच वाटत होतं."

सव्वादोनला तो दुकानात गेला. आज तिला यायला जागा मिळाली नव्हती. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. रोज सुट्टी घ्यायची, नाहीतर नोकरीच सोडायची, हे मी तिथेच ठरवलं. अर्ज आजच द्यावा म्हणून रिक्षा केली.

कॉलेजात प्रयोगशाळेबाहेर आमचा अटेंडंट हिलाल स्टुलावर बसला होता. मला पाहून तो अर्धवट उठला.

"मॅडम, तुम्ही कधी बाहेर आल्या? आता तर मधीच होत्या."

"आज प्रॅक्टिकल रद्द आहे."

"सूचना तुम्हीच पुसली ना, दोनला."

दार ओढून घेतलेलं होतं. आत मुलं हसत होती. माझ्या तासाला ती कधी हसली नव्हती.

हसणं ओसरलं. माझा आवाज आला.

"काटा थांबू द्या, मंग वाचा. उखर्डू, तू सांग बरं."

मला त्यांचे फक्त रोल नंबर माहीत होते.

मी कडीला हात लावला. कडी वाजली.

आत सगळं शांत झालं.

"दारमा कोन शे?" तिनं विचारलं.